लायसन बाबांचं, बंदूक माजघरात: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात भाताच्या राखणीवर लिहिताना जाताजाता दोन वाक्यं टाकली होती की ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे त्यांनी रिन्यूअलची तारीख आधी बघून ठेवा, बस एवढंच, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की आंब्याच्या मोहोरावरचे प्रश्न पुढच्या महिन्यात ढकलावे लागले. बहुतेक सिंधुदुर्गातले, काही राजापूर-लांजा बाजूचे, एक गोव्यातून पेडण्याहून. माझी नोकरी कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत गेली, शस्त्र परवान्यांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं, घरीही एक जुनी सिंगल बॅरल आहे, त्यामुळे संपादकांनी गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

काका, बाबा मे महिन्यात गेले. त्यांच्या नावावर बारा बोअरची सिंगल बॅरल आहे, अजून माजघरात खुंटीलाच टांगलेली आहे. मोठा भाऊ मुंबईला असतो, तो म्हणतो गणपतीत येईन तेव्हा बघू. तोपर्यंत मी वापरली तर चालेल ना? शेत मीच करतो. (कणकवलीजवळून)

नाही चालणार, आणि वापरायचं सोड, खुंटीला टांगून ठेवणंसुद्धा चालणार नाही. लायसन माणसाला मिळतं, घराला नाही, शेताला तर अजिबात नाही, बाबा गेले त्या दिवशी ते लायसन संपलं आणि आता घरात जी वस्तू आहे ती बिनपरवान्याची आहे. ऐकायला कडक वाटतं पण कायदा तसाच आहे, शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 21 सांगतं की विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या बंदूक डीलरकडे जमा करायची. बिनपरवान्याचं हत्यार जवळ ठेवायला 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आहे, त्यामुळे "बाबांचीच तर आहे" हे उत्तर ठाण्यात फार उपयोगी पडत नाही. तसं बघितलं तर वडील गेल्यावर तेराव्यापर्यंत कुणाला बंदूक सुचणार, हे पोलिसांनाही कळतं, पण मे ते गणपती म्हणजे जरा जास्तच झालं बाबा.

आता करायचं काय. उद्याच पोलीसपाटलाला सोबत घे, मृत्यूचा दाखला आणि मूळ लायसनचं पुस्तक घे, आणि बंदूक जमा करून ये. काडतुसं शिल्लक असतील तर तीही मोजून दे. पावती घेताना बंदुकीचा नंबर, मेक आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घे, नुसतं "एक बंदूक मिळाली" असं लिहिलेली पावती परत करायची. डीलरकडे ठेवलीस तर भाडं घेतात पण तेलपाणी बरं होतं, कोकणच्या पावसाळ्यात ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत नळीला गंज चढायला वेळ लागत नाही.

मग स्वतःच्या नावावर अर्ज कर. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाला लायसन द्यायची सोय आहे, पण ती आपोआप होत नाही, नव्या अर्जासारखीच सगळी चौकशी होते, पोलीस रिपोर्ट, डॉक्टरचं सर्टिफिकेट, बंदूक सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि शेतीचं कारण दाखवणार असशील तर सातबारा. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या कलेक्टर ऑफिसात, गृह शाखेत. आणि सगळ्यात जिथे गाडं अडतं ते म्हणजे बाकीच्या वारसांची ना-हरकत. आई, भाऊ, लग्न झालेल्या बहिणी, सगळ्यांची. माझ्या टेबलावर ज्या फायली वर्षानुवर्षं पडून राहिल्या त्यातल्या कितीतरी एका चाकरमान्याच्या सहीसाठी, त्याला बंदूक नको असायची, पण सही दिली की घरावरचा हक्क गेला असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं असायचं. तर भावाला फोनवरच नीट सांग की ही सही फक्त बंदुकीपुरती आहे, घरजमिनीशी तिचा काही संबंध नाही, आणि गणपतीत येईल तेव्हा आरती व्हायच्या आधी सही घे, नंतर पत्ते सुरू झाले की कोण कुणाचं ऐकत नाही.

कुणालाच नको असेल तर लायसनवाल्याला किंवा डीलरला रीतसर विकता येते, त्याचीही आधी लेखी कळवून परवानगीची वाट आहे. नुसती पडून राहू दिली आणि मुदतीत कुणी दावा केला नाही तर सरकारजमा होते. आणि एक गोष्ट सुचवतो, शेतावर रोज खरोखर कोण असतं ते बघा. तुझी आई किंवा तुझी बायको राखणीला जात असेल तर तिच्या नावावर अर्ज करायला कायद्यात काही अडचण नाही, वय 21 पूर्ण पाहिजे एवढंच.

आमचे आजोबा 74 वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतात, पण बंदूक सोडायला तयार नाहीत. जिवंतपणी दुसऱ्याच्या नावावर करता येते का? (लांज्याहून एक ताई)

येते. आणि बऱ्याच लोकांना हे माहीत नाही म्हणून तुमचं पत्र घेतलं. लायसनधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो स्वतः सांगेल त्या वारसाला लायसन मिळू शकतं. म्हणजे आजोबा आज पात्र आहेत. आता त्यांना सांगायचं कसं हा खरा प्रश्न आहे आणि त्याला नियम नाही. "तुम्हाला आता दिसत नाही" असं म्हणालात तर ते अजून घट्ट धरणार. त्याऐवजी ज्या नातवाला द्यायची त्यालाच त्यांच्याकडे शिकायला बसवा, नळी साफ कशी करायची, घोडा कसा उतरवायचा, आणि मग म्हणा की आजोबा तुम्ही आहात तोवर तुमच्या हातानेच कागद करून द्या, नंतर आमची रत्नागिरीला फरफट होईल. म्हाताऱ्या माणसांना फरफटीचं कारण पटतं. मात्र नवं लायसन हातात येईपर्यंत नातवाने ती एकट्याने शेतावर न्यायची नाही.

शेजारी माझी बंदूक रात्रीपुरती मागतो. त्याच्या वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात, डुकरं घुसतात, माझ्याकडे घुसत नाहीत. नाही म्हटलं तर वाईट दिसतं, आमचं येणंजाणं आहे, त्याची म्हैस माझ्याकडे चरते. काय करू?

नाही म्हणा. बंदूक म्हणजे काय कोयता नाही, सकाळी परत आणून दिला की झालं. कायद्यात उसनी द्यायची सोय फक्त तीन कामांसाठी आहे, दुरुस्तीला न्यायला, लायसन रिन्यू करायला न्यायला, किंवा लायसनधारकाला स्वतःला वापरायला पोचवायला, आणि तेही तुम्ही सोबत असाल किंवा तुमची लेखी चिठ्ठी असेल तरच. रात्रीची राखण यात कुठेच बसत नाही. त्याच्या हातात सापडली तर तो बिनपरवाना हत्यारात अडकतो आणि तुम्ही त्याला दिलीत म्हणून तुम्हीही, वर तुमचं लायसन जाणार ते वेगळंच.

तुम्ही स्वतः घेऊन त्याच्या शेतात जायचं का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असणारच. आधी लायसन काढून वाचा. शेतीसंरक्षणाच्या लायसनवर क्षेत्र लिहिलेलं असतं, कुणाला गावापुरतं, कुणाला तालुक्यापुरतं, आणि अटी मागच्या पानावर असतात ज्या कुणीच वाचत नाही. शेजारधर्म पाळायचाच असेल तर त्याला त्याच्या स्वतःच्या अर्जासाठी मदत करा. शेतीच्या राखणीसाठी ठासणीची (तोंडातून दारू ठासायची) बंदूक, किंवा संरक्षणासाठी कमीत कमी 20 इंच नळीची साधी बंदूक, यांच्या अर्जांकडे कायदा पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या मानाने बऱ्याच मोकळ्या मनाने बघतो, कारण योग्य असलं आणि नाकारायला ठोस कारण नसलं तर मिळतं. तोपर्यंत दोघं मिळून राखणीला बसा, बॅटरी, डबे आणि फटाके घेऊन, म्हशीच्या चाऱ्याची फेड त्यात होऊन जाईल.

शेतीसंरक्षणाचं लायसन आहे म्हणजे रानडुक्कर मारलं तर चालतं ना? गावात सगळे मारतात. (दोडामार्ग)

हा एक प्रश्न चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, त्यात एकाने तर मटणाच्या वाट्याचंही विचारलंय, त्याला उत्तर देत नाही.

बंदुकीचं लायसन ही एक गोष्ट, जनावर मारायची परवानगी ही दुसरी. पहिली कलेक्टर देतात, दुसरी वनखातं, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली, आणि एक असली म्हणून दुसरी मिळत नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरांसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, आणि परवानगी मिळालीच तर तिच्यात जी मुदत आणि अटी लिहिल्यात तेवढ्यातच. मेलेलं जनावर सरकारचं असतं, तुमचं नाही. परवानगी नसताना तुमच्या बंदुकीने करायचं काय तर आवाज, म्हणजे सुरक्षित दिशेला बार काढून हुसकवणं, आणि वाडवडिलांनी खरंतर बऱ्याचदा तेवढंच केलं.

गवा आणि हत्ती याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत, तिथे 3 ते 7 वर्षांची शिक्षा आहे, आणि दोडामार्गात राहणाऱ्याला हत्तीबद्दल मी ओरोसला राहून काय सांगणार, पण बंदुकीच्या आवाजाने हत्ती मागेच फिरेल असं धरून चालू नका, तो तुमच्याकडेही फिरू शकतो. आता कुणी म्हणेल जीवावर बेतलं तर. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला प्रामाणिकपणे जनावर मारावं लागलं तर तो गुन्हा धरत नाहीत, हे कलम 11 मध्ये आहे, पण त्याला एक शेपूट आहे, त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल, म्हणजे चोरून शिकारीला गेला असाल, तर ही सूट मिळत नाही.

आणि रात्रीच्या शिकारीचं कायद्यापेक्षा मोठं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, झाडीत हललं म्हणून बार टाकला आणि आपल्याच गावचा माणूस पडला. अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी आपल्या भागातल्या पेपरात येतेच. जे दिसलं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही.

शेजाऱ्याने माकडांवर बार काढला की छर्रे आमच्या कौलांवर पडतात. तो म्हणतो एवढ्या लांब येऊन छर्ऱ्यात जोर राहत नाही. (वेंगुर्ला)

जोर राहत नाही हे निम्मं खरं. बारीक छर्रासुद्धा वर तिरका उडवला तर दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो, एवढ्या लांब तो कौल फोडणार नाही पण पोराच्या डोळ्यात गेला तर डोळा जाईल. एल.जी.सारखा मोठा छर्रा असेल तर गोष्टच वेगळी, तो अर्धा किलोमीटर सहज ओलांडतो आणि त्यात जोरही असतो. खडकीच्या कारखान्यातलं शक्तिमान काडतूस असो की दुसरं, पेटीवर छर्ऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. तुम्ही पडवीत पडलेले दोन-चार छर्रे एका डबीत जमवा आणि चहाच्या वेळी जाऊन त्याच्या हातावर ठेवा, भांडायला नाही, नुसते ठेवा. त्याने दिशा बदलावी, मागे डोंगर किंवा बांध असेल तिकडेच बार काढावा. ऐकलं नाही तर तंटामुक्ती समिती आहे, आणि तरीही नाही तर ठाण्यात लेखी द्या, निष्काळजीपणाने बंदूक चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

याच कलमात हौसेचे बार पण येतात बरं का. लग्नात, शिमग्याला, पालखीपुढे. राजापूरच्या एका मानकऱ्यांनी विचारलंय की पहिल्या बाराचा मान आमच्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे त्याचं काय. मानाला माझा नमस्कार आहे, पण 2019 पासून कायद्यात धार्मिक ठिकाणं आणि लग्नसमारंभ ही नावं घेऊनच लिहिलंय. गावऱ्हाटीत बसून मान फटाक्याच्या माळेवर आणा. कुरकुर होईल, होऊ दे.

ठासणीची बंदूक आहे. भरलेली आहे की रिकामी ते बाहेरून कळतच नाही, घरात दोन लहान पोरं आहेत, भीती वाटते. (कुडाळहून एक सूनबाई)

तुमचा प्रश्न या गठ्ठ्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. काडतुसाची बंदूक मोडली की आत बघता येतं, ठासणीचं तसं नसतं, दारू, गुंडाळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासलेले असतात आणि रात्री वापरली नाही तर "उद्या लागेलच" म्हणून माणसं तशीच भिंतीला टेकवून ठेवतात. उद्या, परवा, मग पाऊस लागतो, आणि दिवाळीत साफसफाई करताना कुणीतरी केप (घोड्याखालची ठिणगीची टोपी) लावून बघतं.

बंदूक नक्की रिकामी असेल तेव्हा सासऱ्यांना सांगून ठासायचा गज नळीत तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची, करवतीने बारीक खाच पाडली तर उत्तम. पुढे कधीही शंका आली की केप काढून, नळी माणसांपासून लांब, तोंड स्वतःकडे न धरता, गज सोडायचा. खूण नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, खूण तीन-चार बोटं वर राहिली तर भरलेली. भरलेली निघाली तर घरात कुणी काही काढायला बसू नये, जाणकाराला बोलवा. ठासलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही हा नियम सुनेने घातला तरी चालतो, आमच्या घरात तो आईने घातला होता. केप आणि दारू वेगवेगळ्या कुलपात, किल्ली माणसाच्या कमरेला, देवघरातल्या कोनाड्यात नाही, कारण तो कोनाडा पोरांना तुमच्या आधी माहीत असतो.

दर निवडणुकीला बंदूक जमा करायला लावतात. 2024 ला आधी लोकसभा, मग विधानसभा, दुसऱ्या वेळी तर भात कापणीलाच. आमच्यावर एक केस नाही. सगळ्यांनी जमा करायलाच पाहिजे का?

नाही, सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच हे स्पष्ट केलंय, जिल्ह्यात छाननी समिती असते, तिने एकेका लायसनचा विचार करून कुणाची जमा करायची ते ठरवायचं असतं, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी निवडणुकीत दंग्यात सापडलेले वगैरे. प्रत्यक्षात बीटचा हवालदार फोन करतो, "आणून टाका हो," आणि माणसं आणून टाकतात. तुम्हाला हरकत असेल तर आचारसंहिता लागल्या लागल्या समितीकडे लेखी अर्ज द्या, पीक उभं आहे, सातबारा जोडला आहे, गुन्हा दाखल नाही. पण नोटीस हातात पडली तर आधी जमा करा आणि मग भांडा. जमा करताना नळीला आतून-बाहेरून तेल, तोंडात तेलाचा बोळा, नावाची चिठ्ठी बांधून, आणि मोबाईलवर फोटो. निकालानंतर आठवडा झाला की लगेच परत मिळायला हवी, आपणहून जाऊन मागा, कुणी घरी आणून देत नाही.

मेहुण्याचं यंदा आंब्यात फार नुकसान झालं, कर्ज आहे. हल्ली बोलत नाही, जेवत नाही, रात्री पडवीत बसून असतो. घरात बंदूक आहे. बहिणीने मला फोन करून सांगितलं. मी काही बोललो तर त्याला राग येईल. (देवगड)

राग आला तर येऊ दे. आजच जा, पत्र छापून यायची वाट बघितली नसशील अशी आशा आहे आणि म्हणून संपादकांनी तुला आधीच फोन केलाय.

त्याला सरळ विचार, "जीवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. आणि बंदूक त्या घरातून काही दिवसांसाठी हलवायची. गुपचूप उचलून तुझ्या घरी आणलीस तर कायद्याने तू अडकशील, तर त्याला सोबत घेऊनच डीलरकडे किंवा ठाण्यात जा, सांग की सर्व्हिसिंगला देऊ, पावसाळाभर तिथेच राहू दे, तू बरा झालास की आणू. बहुतेक माणसं ऐकतात, कारण त्यांनाही ती जवळ नको असते. तोवर काडतुसं बहिणीने कुलपात घालून किल्ली स्वतःजवळ ठेवावी. तो तयारच नसेल आणि तुला धोका वाटत असेल तर 112 लावायला लाजू नको, पोलीस आले म्हणून गावात काय बोलतील याचा हिशेब नंतर. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात बोलायच्या हेल्पलाइनचा, 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, तू स्वतः पण लावू शकतोस काय बोलू ते विचारायला. कर्जाचं बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते तू बघ, त्याला एकट्याला पाठवू नको. आणि मला कळव.

थोडक्यात काही.

पेडण्याच्या वाचकाला: तुमचं लायसन गोव्याचं आणि बाग सातार्ड्याला, म्हणजे तेरेखोलच्या पुलापलीकडे महाराष्ट्र. लायसनवरच्या क्षेत्रात महाराष्ट्र नसेल तर पुलावरून बंदूक आणायची नाही, बाग दिसत असली तरी.

सावंतवाडीच्या कॉलेजवाल्या पोराला: 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअरगनला लायसन लागत नाही हे बरोबर. पण म्हणून माकडांवर, शेकरूवर झाडायची मोकळीक मिळत नाही, शेकरू तर राज्यप्राणी आहे.

"कोडगूतल्या (कर्नाटकातल्या कूर्गच्या) लोकांना लायसनच लागत नाही, मग आम्हाला का?" असं मालवणहून विचारलंय. खरं आहे, कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनींच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, केंद्र सरकारने ती 2029 पर्यंत वाढवलीय. ती मालवणला लागू होत नाही.

रिन्यूअलबद्दल ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना एकच: लायसन आता 5 वर्षांचं मिळतं, मुदत संपायच्या निदान 60 दिवस आधी अर्ज टाका, आणि युआयएन, म्हणजे लायसनधारकाचा वेगळा ओळख नंबर, पडलाय का तो पुस्तकावर बघा, नसेल तर आधी गृह शाखेत जा. सोमवारी जाऊ नका, सोमवारी गर्दी असते.